एका गिटारला नक्की कोणत्या तारा: चार महिन्यांच्या नोंदी

५ जानेवारी

सुरुवात करतोय. माझ्या अकूस्टिकला कुठल्या तारा लावायच्या हे एकदाचं ठरवायचं, बस. आत्तापर्यंत जो सेट हाताला लागला तो लावत आलोय, पाकिटावरचे आकडे कधी धड वाचले नाहीत, आणि आता सहा महिने झाले एफ कॉर्ड धरला की पहिलं बोट असं ठणकतं की दोन गाण्यांनंतर गिटार बाजूला ठेवावी लागते. संशय तारांवरच आहे. जाड असणार. बारीक लावल्या की काम झालं, असं सध्याचं मत. हे मुद्दाम लिहून ठेवतोय म्हणजे नंतर शब्द फिरवता यायचा नाही.

गिटार ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पेटीची, वरची फळी स्प्रूस लाकडाची. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, मोजायला नटपासून (दांड्याच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) टेप लावली, ३२४ मिमी आलं, दुप्पट ६४८, म्हणजे साडेपंचवीस इंच.

सध्या लावलेल्या तारा कुठल्या ते माहीत नाही, पाकीट केव्हाच गेलं. डिजिटल वर्निअर घेऊन बसलो. पहिली तार ०.३० मिमी, सहावी १.३४. इंचात केलं की ०.०१२ आणि ०.०५३. म्हणजे हा 'बाराचा सेट', पाकिटावर याला लाइट लिहितात. मला हे लाइट आहे हे वाचूनच हसू आलं. बोलताना लोक अकराचा, बाराचा म्हणतात तो आकडा सगळ्यात बारीक तारेचा, इंचाच्या हजाराव्या भागात. बारा आणि अकरा यात फरक किती तर ०.०२५ मिमी, केससुद्धा याहून जाड असतो, आणि यावरून लोक तासन्तास भांडतात.

६ जानेवारी

आज दहाचा सेट लावणार होतो. ताईने अडवलं. ती स्वतः वाजवत नाही, गाते, पण तिचं डोकं हिशेबी आहे. म्हणाली, "अरे, त्या तारा वर्षभराच्या आहेत, काळ्या पडल्यात. त्यांच्यासमोर नव्या कोऱ्या दहाच्या तारा लावून ऐकणार, मग जो फरक वाटेल तो जाडीचा का नवेपणाचा?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. तिचं बरोबर होतं, आणि ते चहा पिता पिता सांगितल्यासारखं सहज म्हणाली त्याचा जास्त राग आला.

तर आता असं: आधी नवा बाराचा सेट लावायचा, तो बेसलाइन. मग बाकीचे. प्रत्येक सेटला निदान दोन आठवडे. फोन तोच, खुर्ची तीच, फोन बाराव्या फ्रेटसमोर हातभर अंतरावर, पिक तोच, वाजवायचं तेच: जी, सी, एफ, डी चार वेळा स्ट्रम आणि मग एक छोटा तुकडा बोटांनी.

जुन्या तारा काढायच्या आधी शेवटचं रेकॉर्डिंग घेतलं आणि बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्युनरवर ताडून बघितले. पाचव्या तारेत १४ सेंटचा फरक (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट)! मला वाटायचं माझा कान खराब आहे.

११ जानेवारी

नवा बाराचा सेट चढवला, फॉस्फर ब्रॉन्झ (जाड तारांवरच्या वेढ्यांचा धातू). जुन्या तारा काढल्यावर तिसरी तार बोटांतून ओढून बघितली, खालच्या अंगाला दुसऱ्या फ्रेटच्या जागी चक्क खाच पडलेली, नख अडकत होतं. तार अशी जागोजागी चेपली, मळ बसला की तिचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, मग ती ट्युनरवर बरोबर आणि वरच्या फ्रेटवर चुकीची असं होतं. १४ सेंटचं कोडं सुटलं.

लावताना फजिती झाली ती पण लिहितो. पहिली तार ट्यून करत आणली, डी शार्पपर्यंत आली असेल, आणि टण्ण! ब्रिज पिन (गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकतात त्या पट्टीतली छोटी खुंटी) उडून कपाटाखाली. तार तुटली नव्हती, नुसती सुटली होती. कारण नंतर टॉर्च आणि छोटा आरसा आत घालून बघितल्यावर कळलं. तारेच्या टोकाचा गोळा पिनच्या टोकावर नुसता टेकलेला होता. तो आत ब्रिजच्या खालच्या पट्टीला जाऊन टेकायला हवा. तारेचं टोक घालायच्या आधी थोडं वाकवायचं, पिनची खाच नेककडे तोंड करून ठेवायची, आणि पिन दाबत दाबत तार हळूच वर ओढायची, मग गोळा सरकून जागेवर बसतो आणि ते 'टक्' बोटाला जाणवतं. पिन तार धरून ठेवते असा माझा इतक्या वर्षांचा समज. तिचं काम फक्त गोळ्याला बाजूला सरकू न देणं.

खुंटीवर दोन ते तीन वेढे पुरे. मी आधी सहा-सहा घालायचो आणि मग तार उतरते म्हणून तारेलाच शिव्या द्यायचो.

आवाजाबद्दल काय सांगू, नवी तार ती नवी तार. ताईचं ऐकलं नसतं तर हा सगळा झगमगाट दहाच्या सेटच्या खात्यावर जमा झाला असता.

बोट मात्र दुखतंय. तेवढंच.

१९ जानेवारी

आज नुसता हिशेब, वाजवलं नाही फारसं.

तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: एका मीटरचं वजन, लांबी आणि सूर. लांबी आणि फ्रिक्वेन्सीचा गुणाकार दुप्पट करायचा, त्याचा वर्ग, गुणिले वजन. पहिल्या ई तारेची फ्रिक्वेन्सी ३२९.६ हर्ट्झ, साधी स्टीलची तार, त्यामुळे फोनवरच निघालं. बाराची पहिली तार १०.६ किलोने ओढली जाते. अकराची ८.९, दहाची ७.३. जाडीचा वर्ग होतो ना, म्हणून केसाहून बारीक फरक पडला तरी ताण एकदम १६ टक्के खाली येतो. वर ज्या भांडणांना मी हसलो ते शब्द मागे.

गुंडाळलेल्या तारांचं असं सरळ निघत नाही कारण आत गाभा वेगळा आणि वर वेढे वेगळे, त्यांचे आकडे कंपन्या तक्त्यात देतात. बाराच्या अख्ख्या सेटची बेरीज ७४ किलोच्या आसपास. दहाचा साठेक, तेराचा पंच्याऐंशीच्या घरात. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस दिवसरात्र त्या पातळ फळीला लोंबकळतोय असं समजा. गिटार मोडून पडत नाही हेच नवल.

गिटारचं स्केल लहान असेल तर तोच सेट मऊ लागतो. २४.७५ इंचाच्या गिटारवर ताण साधारण सहा टक्के कमी. 'मित्राच्या गिटारवर बाराच्या तारा किती मऊ लागतात' हे मी कितीदा बोललोय, बहुतेक ते हेच असणार.

२५ जानेवारी

दहाचा सेट चढला, १० ते ४७. पहिली पंधरा मिनिटं स्वर्ग. बेंड करायला (तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवायला) गेलो तर तार पूर्ण एक सूर वर गेली, अकूस्टिकवर मी हे कधी केलं नव्हतं.

मग स्ट्रम केलं.

आवाज लहान झालाय. नुसता कमी नाही, लहान. खालच्या बाजूचा जो भरणा असतो तो गेला, वरची किणकिण राहिली. माझा उजवा हात जड आहे, मी जोरात वाजवतो आणि बारीक तार जोरात मारली की ती आधी सुरापेक्षा वर उडते आणि मग खाली येऊन बसते. ट्युनर लावून बघितलं, सहावी तार जोरात छेडली की काटा आधी उजवीकडे पळतो. हळू छेडली तर जागच्या जागी. म्हणजे कॉर्ड मारताक्षणी गिटार बेसूर आणि विरता विरता सुरात. ताई म्हणाली, "तू प्रत्येक कॉर्डला आधी चूक करून मग सुधारतोयस असं वाटतंय."

२६ जानेवारी

आणखी एक. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारा खणखणायला लागल्या. नको तिथे जवारी. कालपर्यंत नव्हती.

१ फेब्रुवारी

जवारीचं कारण मिळालं. नेकला तारांच्या दिशेने किंचित बाक असावा लागतो, त्याला रिलीफ म्हणतात. तारा नेकला पुढे ओढतात, नेकच्या आतला ट्रस रॉड (धातूची सळई) मागे ओढतो, दोघांची रस्सीखेच बरोबरीत सुटली की बाक नीट राहतो. मी चौदाएक किलो ओढ एकदम कमी केली, रॉड जिंकला, नेक सरळसोट झाला आणि तारा फ्रेटला घासायला लागल्या.

मोजायची पद्धत: पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), चौदाव्या फ्रेटवर सहावी तार दाबायची, म्हणजे तारच फूटपट्टी झाली. मग सातव्या फ्रेटच्या डोक्यावर किती फट उरते ते फीलर गेजच्या पात्यांनी बघायचं. ०.१ ते ०.२५ मिमी असेल तर ठीक. माझ्याकडे सगळ्यात पातळ ०.०५ चं पातं पण जात नव्हतं.

ॲलन की साउंडहोलमधून आत घालून पाव फेरा सैल केला, म्हणजे घड्याळाच्या उलट. हात थरथरत होते खरं सांगायचं तर, कारण जोर लावून रॉड तोडलेल्यांच्या कहाण्या ऐकल्यात. पण अजिबात जोर लागला नाही. एका वेळी पाव फेरा, मग ट्यून करायचं, दुसऱ्या दिवशी परत मोजायचं. सकाळी ०.१२ आलं. खणखण गेली.

आवाज लहान तो लहानच. आणि एफ अजून दुखतोय!! सात किलोच्या तारेवर पण दुखतोय, हे विचित्र आहे. बहुतेक हाताला सवय लागायला वेळ लागत असेल.

९ फेब्रुवारी

दहा उतरवला. अकराचा सेट, ११ ते ५२.

पाकिटांची मागची बाजू शेजारी ठेवून वाचली तर गंमत. अकराचा: ११, १५, २२, ३२, ४२, ५२. बाराचा: १२, १६, २४, ३२, ४२, ५३. चौथी आणि पाचवी तार तीच! सहावीत हजारावा भाग इंचाचा फरक. म्हणजे 'अकराच्या सेटला बेस कमी' हे जे सगळे म्हणतात (मी पण म्हटलंय) त्यातली खरी तफावत वरच्या तीन तारांत आहे. कंपनीप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण मी आणलेल्या दोन्ही सेटचं हे असं आहे.

अकराचा आवाज बरा आहे. खरंच बरा आहे. दहासारखा पोकळ नाही. रिलीफ परत मोजला, ०.१८, हात लावला नाही.

एफ बद्दल लिहायचा कंटाळा आलाय.

१५ फेब्रुवारी

आज जे झालं ते सहा आठवड्यांपूर्वी व्हायला हवं होतं.

ताई एक गाणं वरच्या पट्टीत गाऊन बघत होती म्हणून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला आणि त्याच्या पुढे एफचा आकार धरला. काही दुखलं नाही. लोण्यासारखा बसला. कॅपो काढला, तोच आकार पहिल्या फ्रेटवर, ठणका. कॅपो लावला, लोणी. कॅपो काढला, ठणका. पाचसहा वेळा केलं, ताई वैतागून निघून गेली.

कॅपो लावल्याने तारांची जाडी बदलत नाही. ताण पण तसा तोच. बदलतं काय तर नट हिशेबातून जातो. नट म्हणजे वर ती हाडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. खाचा उथळ असतील तर पहिल्या फ्रेटवर तार उंच राहते आणि नटच्या अगदी शेजारी ती दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो. एफ नेमका तिथेच.

तपासणी: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर फट बघायची. जेमतेम दिसेल न दिसेल एवढी हवी, टिचकी मारली तर बारीक 'टिक' यावा. माझ्या इथे व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकलं, दुसऱ्या तारेखालून तर कार्ड फिरवता येत होतं.

आणखी एक गोष्ट, कॅपोशिवाय सी कॉर्ड मला नेहमी किंचित वर वाटायचा. तार इतकी खाली दाबावी लागली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. हेही त्याचंच.

१८ फेब्रुवारी

खाचा घासायला कानस लागते ती प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी. माझ्याकडे नाही आणि हात घालायची हिंमतही नाही, कारण एक घासा जास्त झाला की मोकळी तार फ्रेटला लागते आणि मग नटच नवा. दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी एकेक तार दाबून बघितली आणि विचारलं, "कायमच्या तारा कुठल्या लावणार आहेस? खाच तेवढी करतो."

इथे मी अडकलो. तारा ठरवण्यासाठीच तर हे चाललंय, आणि नट नीट झाल्याशिवाय तारा ठरत नाहीत. काकांनीच सोडवलं: बाराची खाच करू, अकरा त्यात बसेल, एवढ्याने काही हलत नाही. उलटं केलंस, अकराच्या खाचेत बारा कोंबल्यास, तर तार अडकेल, ट्यून करताना टिक टिक करत उड्या मारेल. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासायला पण त्यांनीच सांगितलं. फुकटचं वंगण.

अर्ध्या तासात काम झालं. मी सहा आठवडे तारा बदलत होतो.

२३ फेब्रुवारी

बाराचा फॉस्फर सेट परत. नवा.

दुखत नाही.

म्हणजे थोडं जाणवतं, बारे कॉर्ड आहे शेवटी, एकच बोट तारांवर आडवं, पण अर्धा तास वाजवलं आणि बोट जागेवर. ५ जानेवारीचं मत साफ चूक. जाडी गुन्हेगार नव्हतीच, आणि तेव्हापासून डाव्या हाताबद्दल मी जे जे लिहिलंय ते सगळं रद्द समजायचं. उजव्या हाताबद्दलचं राहू दे, तो खरा आहे: माझ्यासारखा जड हात असेल तर दहा नाही चालत.

नट बदलला म्हणून बेसलाइन परत रेकॉर्ड केली. रिलीफ ०.२२, पाव फेऱ्याच्या अर्धा आवळला, ०.१५. बाराव्या फ्रेटवर ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) सहाव्या तारेला २.४ मिमी, पहिलीला १.८. आता जो फरक पडेल तो तारांचाच.

९ मार्च

फॉस्फरचं १४ व्या दिवसाचं रेकॉर्डिंग घेतलं आणि सेट उतरवला. आज ८०/२० लावायचा होता.

आधी थोडं धातूंबद्दल. ८०/२० म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के जस्त. नाव ब्रॉन्झ असलं तरी तांबं आणि जस्त म्हणजे पितळ, सरळ पितळ. या तारा १९३० च्या दशकापासून आहेत. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये तांबं ९२ च्या आसपास, बाकी कथील, आणि नावापुरता फॉस्फरस. हे १९७४ मध्ये डॅडारिओ कंपनीने आणलं. दोन्हीत आतला गाभा स्टीलचाच. ८०/२० ला लोक चमकदार म्हणतात, फॉस्फरला उबदार. इलेक्ट्रिक गिटारवर यातलं काही लावायचं नाही, तिथे पिकअप चुंबकाचा आणि ब्रॉन्झला चुंबक विचारत नाही, जाड तारा मुक्या वाटतात. तिथे निकेल.

आता फजिती क्रमांक दोन. मी आणलेला ८०/२० गोल गाभ्याचा निघाला. बहुतेक तारांचा गाभा षटकोनी असतो, त्याच्या कडांना वरचे वेढे घट्ट धरून बसतात. गोल गाभ्यावर वेढे नुसत्या ताणावर बसलेले, टोक काटकोनात न वाकवता कापलं की ते उलगडतात. मी सवयीने पाचवी तार आधी कापली आणि मग खुंटीत घातली. ट्यून केली. थप्प. सूर आहे पण नाद नाही, ओल्या दोरीवर टिचकी मारल्यासारखं. जवळून बघितलं तर कापलेल्या टोकाकडून वेढे सैल होत आलेले, बोटाने फिरवले तर फिरत होते. सुटी ४२ ची तार घरात नाही. सेट गेला.

१५ मार्च

षटकोनी गाभ्याचा ८०/२० आला, लावला. पहिल्या दिवशी फरक कळतो, खोटं नाही बोलणार. पिकचा 'चक्' आवाज जास्त पुढे येतो, ताईच्या शब्दांत "कुणीतरी नवीन नाणी हलवतंय". तिच्या आवाजाच्या जागेतच ती किणकिण येते, म्हणून तिला नाही आवडला. मला आवडला.

मधल्या आठवड्यात एक विषयांतर. ओळखीतल्या एकाची क्लासिकल गिटार बघायला मिळाली, ब्रिज मागून उचलला गेलेला, नखाएवढी फट. का, तर नायलॉनच्या जागी स्टीलच्या तारा लावल्या, 'आवाज मोठा येतो म्हणून'. नायलॉनच्या सेटचा ताण चाळीस किलोच्या आत. तिच्यावर सत्तर घातले. आधी तिथे आतड्याच्या तारा असायच्या, दुसऱ्या महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जायला लागलं, तेव्हा वाद्य बनवणाऱ्या अल्बर्ट ऑगस्टीनने गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाच्या सल्ल्याने नायलॉनच्या तारा बनवल्या. ती गिटार त्या ताणासाठीच बांधलेली असते, आतल्या पट्ट्या हलक्या, बऱ्याचदा ट्रस रॉडच नाही. बाकी काहीही चुकलं तर तार बदलता येते. हे एक तेवढं करू नका.

२९ मार्च

आंधळी चाचणी. ताईने चार रेकॉर्डिंग (फॉस्फर पहिला दिवस, फॉस्फर चौदावा, ८०/२० पहिला, ८०/२० चौदावा) यातले तुकडे कापून, आवाजाची पातळी सारखी करून, मनाला येईल तशा क्रमाने ऐकवले. मी पाठ करून बसलो.

पहिल्या दिवसाचे दहा तुकडे: आठ बरोबर. चौदाव्या दिवसाचे दहा: पाच. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. त्यातल्या एका तुकड्यावर तर मी आत्मविश्वासाने "हा पितळी, ऐकूच येतंय ना" म्हणालो, तो फॉस्फर होता.

नवी विरुद्ध जुनी मात्र वीसपैकी वीस ओळखल्या. धातू कुठला यापेक्षा तार किती दिवसांची आहे हे माझ्या कानाला जास्त कळतं. माझ्या हाताला घाम येतो, पंधरा दिवसांत तारा मंद होतात. वाजवायच्या आधी हात धुणं आणि नंतर प्रत्येक तार फडक्यात धरून खालून वर पुसणं, हे आजपासून. (किती दिवस टिकतंय बघू.)

५ एप्रिल

आज ट्युनिंगवर. ताईला बरीचशी गाणी अर्धा सूर खाली सोयीची पडतात. अर्धा सूर म्हणजे फ्रिक्वेन्सी साडेपाच टक्क्यांनी कमी, त्याचा वर्ग केला की ताण ११ टक्के कमी. ७४ चे ६६ किलो. म्हणजे बाराचा सेट अर्धा सूर खाली उतरवला की हाताला जवळपास अकराच्या सेटसारखाच लागतो, वस्तुमान मात्र बाराचं राहतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की नेहमीचं ट्युनिंग हजर.

ब्लूज गिटारवादक स्टिव्ही रे व्हॉन तेराच्या तारा लावायचा म्हणून त्याचं नाव सगळे घेतात, पण तो अर्धा सूर खाली ट्यून करायचा आणि ती इलेक्ट्रिक होती, हे सांगताना विसरतात. दुसऱ्या टोकाला ब्लॅक सॅबथ बँडचा टोनी आयोमी, कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोकं गेली, त्याने एकदम बारीक तारा लावल्या, पुढे सूरही खाली उतरवले, आणि त्याच्या गिटारचा आवाज किती जड आहे हे सांगायला नको. तेराचा सेट मी आणून ठेवला होता. पाकीट न फोडता देऊन टाकला.

अकराचा आणखी एकदा लावून बघावं का असा विचार दोन दिवस केला. नको. अर्धा सूर खाली अकरा म्हणजे परत दहाची कहाणी.

१२ एप्रिल

शेवटचा उमेदवार: कोटेड. बारा, फॉस्फर, वर पातळ पॉलिमरचा थर. एलिक्सिर कंपनीने १९९७ मध्ये हे पहिल्यांदा आणलं, आता सगळेच बनवतात. बऱ्याच सेटमध्ये थर गुंडाळलेल्या तारांनाच असतो, वरच्या दोन साध्या स्टीलच्या तारांना फक्त गंज लागू नये म्हणून काहीतरी केलेलं असतं.

पहिल्या दिवशी कोऱ्या साध्या सेटपेक्षा थोडा दबलेला वाटला. हात घसरतो, विचित्र वाटतं, पण पोझिशन बदलताना जो 'च्यूं' आवाज येतो तो निम्म्यावर आला, आणि ताई गात असताना तो माइकमध्ये यायचा म्हणून आम्ही किती टेक फुकट घालवलेत. जोरात पिक मारतो तिथे थर झिजून पांढरे तंतू निघतात असं ऐकलंय, लक्ष ठेवतो.

३ मे

एकविसावा दिवस. १२ एप्रिलचं आणि आजचं रेकॉर्डिंग ताईने उलटसुलट करून ऐकवलं, दहापैकी सहा. साध्या तारा एव्हाना मेल्या असत्या. पांढरे तंतू साउंडहोलपाशी तिसऱ्या तारेला थोडे दिसतायत, आवाजात काही नाही.

तर लावलेलं आहे ते असं: १२ ते ५३, फॉस्फर, कोटेड, अर्धा सूर खाली. रिलीफ ताण कमी झाल्यावर ०.११ वर आला होता, हात लावला नाही, खणखण नाही. सुट्या तारा दोन घेऊन ठेवल्यात, पहिली १२ ची आणि तिसरी २४ ची. पहिली का ते सांगायला नको. तिसरी यासाठी की ती गुंडाळलेल्यांत सगळ्यात बारीक, आतला गाभा अगदीच नाजूक असतो आणि माझी नेहमी तीच तुटते. इलेक्ट्रिकच्या सेटमधली साधी तिसरी तार तिथे चालेल असं वाटू शकतं, नाही चालत, अकूस्टिकचा सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) गुंडाळलेल्या तारेच्या हिशेबाने कोरलेला असतो आणि साधी तार वरच्या फ्रेटवर चढी बोलते.

ताईने आज पहिल्यांदा न थांबता पूर्ण गाणं रेकॉर्ड केलं. दुसऱ्या कडव्यात एफ आहे. मी चुकलो, पण बोटामुळे नाही, शब्द ऐकत बसलो आणि कॉर्ड बदलायचा राहिला.